दोऱ्या नसलेली पाचपानी

१९६८ साल होतं. त्या वर्षी आमच्या वनस्पतिसंग्रहातली लाकडी कपाटं जाऊन लोखंडी आली, आणि वाळवलेल्या झाडांचे सगळे कागद जुन्या कपाटांतून नव्यांत हलवताना आम्हाला शिंकून शिंकून जीव नकोसा झाला. मी तिथे चित्रकार होते. झाडं भिंगाखाली धरायची आणि शाईने त्यांची चित्रं काढायची, हे माझं काम. मला सगळे ‘पेन्सिल’ म्हणत. एक तर अंगाने मी तशीच होते, आणि दुसरं म्हणजे अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असे. आता खोचली तर खाली पडते. तेवढा अंबाडाच राहिला नाही.

असा संग्रह ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगायला हवं. झाड दाबून वाळवायचं, जाड कागदावर चिकटवायचं, आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक चिठ्ठी लावायची. कुणी आणलं, कुठून आणलं, कधी आणलं, नाव काय. ही चिठ्ठी एकदा लागली की लागली. पुढे कुणाला वाटलं की नाव चुकलंय, तर त्याने आपली चिठ्ठी शेजारी लावायची, खाली सही करायची. जुनी फाडायची नाही, खोडायची नाही, तिच्यावर दुसरी चिकटवायची तर मुळीच नाही. त्यामुळे काही कागदांवर मधे एवढंसं झाड आणि भोवती सासू-सुनांसारखी एकमेकींकडे पाठ करून बसलेली माणसांची मतं, असं दृश्य असे. मला ती पद्धत फार आवडायची. घरी कुणी चुकलं की आम्ही जन्मभर ऐकवतो नाहीतर विसरल्याचं नाटक करतो. इथे चूकही जपून ठेवत, आणि तिच्या शेजारी शांतपणे दुसरं म्हणणं मांडत.

ही पद्धत मला भिंगकाकांनी शिकवली. गळ्यात काळ्या नाडीला भिंग अडकवलेलं, म्हणून भिंगकाका. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी दर गुरुवारी यायचे, खिडकीजवळच्या टेबलावर बसायचे, आणि कुणी विचारो न विचारो, चुका काढायचे. मी कामाला लागले तेव्हा पहिल्याच गुरुवारी त्यांनी माझ्यापुढे दोन पिवळी फुलं ठेवली. दोन्ही पाच पाकळ्यांची, दोन्ही रस्त्याकडेला, गवतात, कुंपणाखाली कुठेही उगवणारी.

“यातलं गुलाबाच्या घरचं कोण?”

मी दोन्हींकडे टक लावून बघत बसले.

“तोंडावर जाऊ नकोस,” काका म्हणाले. “तोंड सगळ्यांचंच गोड असतं. उलटं कर.”

उलटं केल्यावर दिसलं. एकाच्या पाठीला साधी पाच हिरवी पानं होती. दुसऱ्याच्या पाठीला दुहेरी कडं होतं; पाच रुंद, आणि त्यांच्या फटींतून डोकावणारी पाच अरुंद. चांगल्या कोटाला आतून अस्तर लावावं तसं.

“हे अस्तरवालं गुलाबाचं,” काका म्हणाले. “आता पाकळ्या बघ. त्या दुसऱ्याच्या वार्निश मारल्यासारख्या चकचकतात. हिच्या नाही. हिच्या टोकाला खाच आहे, बदामासारखी. आणि पानाच्या देठाच्या बुडाशी बघ, कानासारखी दोन चिमुकली पानं. गुलाबालाही असतात. ही गुलाबाची गरिबाघरची बहीण. कुणी फुलदाणीत ठेवत नाही, पण रक्त तेच.”

आमच्याकडे तिला पाचपानी म्हणत, कारण एका देठावर पंजासारखी पाच पाती असतात. आणि तिला दोऱ्या असतात. लालसर, बारीक, जमिनीवरून सरपटत जातात आणि जिथे पेर टेकेल तिथे मूळ धरून नवं झाड बसवतात. एका पाचपानीचं एका उन्हाळ्यात गाव होतं. सगळ्या जगात उगवते. तिच्याकडे लक्ष द्यायचं खरं म्हणजे काही कारण नाही.

काकांना कारण होतं. तरुणपणी, संग्रहात नवे नवे सहायक असताना, त्यांनी नदीकाठी एक वेगळीच पाचपानी शोधली होती. बोटाच्या पेराएवढी. पंजाला पाचाऐवजी तीनच पाती, पानांची पाठ रेशमासारखी चंदेरी, फूल जमिनीला चिकटलेलं. आणि मुख्य म्हणजे दोऱ्या नाहीत. एकसुद्धा नाही. काकांनी तिचं लॅटिनमध्ये पानभर वर्णन छापलं, नवी जात म्हणून, आणि त्याच महिन्यात लग्न झालेल्या आपल्या बायकोचं नाव तिला दिलं. नावामागे लॅटिनची शेपटी लावून. लग्नात द्यायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. ते छापील पान चौकट करून त्यांच्या घरी भिंतीवर लावलेलं आहे, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढे दोन-तीन वर्षांत ती छोटी पाचपानी नाहीशी झाली. काकांना पुन्हा कधी सापडली नाही, दुसऱ्या कुणाला तर नाहीच. दर वसंतात ते नदीकाठी जाऊन शोधायचे आणि ओले बूट घेऊन परत यायचे. जगात तिचे म्हणून जे काही कागद होते ते आमच्या कपाटात, सगळे काकांच्याच हातचे.

त्या वर्षी कपाटं बदलली तशी आणखी एक गोष्ट चालली होती. आमच्या सगळ्या प्रदेशातल्या झाडांचा एक मोठा ग्रंथ तयार होत होता. गुलाबाच्या कुळाचं काम आमच्या बाईंकडे होतं. बाई म्हणजे संग्रहाच्या प्रमुख. नाकावर माशी बसू देत नसत, पण मनाने लोणी. एके दिवशी त्यांनी मला बोलावून दार लावून घेतलं. बाहेरगावच्या एका तज्ज्ञाने मसुदा तपासून परत पाठवला होता. काकांच्या पाचपानीसमोर त्याने लिहिलं होतं: ही नेहमीचीच असावी. गाळा.

“गाळायला एक ओळ लागते,” बाई म्हणाल्या. “पण ती ओळ बाहेरच्या माणसाची मला नकोय. काका धडधाकट आहेत, दर गुरुवारी येऊन माझी बिस्किटं संपवतात. काय ते त्यांनी स्वतः लिहावं.”

“मग तुम्हीच सांगा ना त्यांना.”

“मी त्यांची विद्यार्थिनी. मी बोलले की म्हणणार, नापास केलं होतं त्याचं उट्टं काढतेस.”

“केलं होतं?”

“ते सोड. तू चित्र काढ. त्यांची आणि नेहमीची, शेजारी शेजारी, एकाच मापाने. ते बघून त्यांचं त्यांना काय कळायचं ते कळू दे.”

आली का पंचाईत! मी त्यांच्या कागदावरचं एक वाळकं फूल सोडवून बशीत गरम पाण्यात टाकलं. वाळलेलं फूल असं भिजवलं की हळूहळू उमलतं, चहाच्या पातेल्यात पत्ती फुगते तसं. सुईने उलटवलं. पाठीला दुहेरी कडं. पाकळीला खाच. केसर, बिया, सगळं सगळं नेहमीच्या पाचपानीसारखं. भिंगाखाली दोघींना शेजारी ठेवलं तर कोण कुठली ते मलाही कळेना. पण मग मी कागद काढून दोऱ्या शोधायला लागले, आणि खरंच, एकाही कागदावर दोरी नव्हती. म्हणजे तज्ज्ञाचंही खरं आणि काकांचंही खरं.

गुरुवारी काका आले. मी बशी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि भिंग सोडून दिलं.

“फूल सारखं आहे. मी कधी नाही म्हटलं? बहिणी आहेत, नाकडोळे सारखे असणारच. दोऱ्या दाखव.”

“नाहीत.”

“सगळे कागद बघितलेस?”

“बघितले. नाहीत, काका.”

“मग?” म्हणाले, पण त्या ‘मग’मध्ये जोर नव्हता. खिडकीबाहेर बघत म्हणाले, “बाईंनी पाठवलंय ना तुला? मसुद्यावर कुणीतरी लिहिलंय. मला कळलं. भिंतींना कान असतात आणि बिस्किटं आणून देणाऱ्या शिपायाला तोंड.” मग माझ्याकडे वळले. “पेन्सिल, मी तरुण होतो, पण आंधळा नव्हतो. जे होतं ते लिहिलं. लहान होतं, लहान लिहिलं. दोऱ्या नव्हत्या, नाहीत म्हणून लिहिलं. आता कुणी म्हणत असेल की हे झाड नव्हतंच, तर मग मी बघत काय होतो?”

चिठ्ठीवर स्थळ म्हणून एवढंच होतं: नदीकाठचं कुरण. मी विचारलं, “कुठलं कुरण?”

“कुरण म्हणजे कुरण,” ते तुटकपणे म्हणाले. इतर वेळी कुणी चिठ्ठीवर असं मोघम लिहिलं तर हेच काका त्याला उभा सोलायचे.

जाताना दारात थांबले. “एक लक्षात ठेव. माझ्या घरी यातला शब्द काढायचा नाही. चाळीस वर्षांत मी तिला काय दिलं? दोन खोल्यांचं भाड्याचं घर आणि कपड्यांवर इथली धूळ. ते एक नाव तेवढं दिलं. ते काढून घ्यायचं झालं तर माझं मी काढीन, माझ्या तोंडाने. मला जरा वेळ द्या.”

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. गुडघा धरला होता. त्याच्या पुढच्याही नाही. छपाईवाले बाईंच्या मागे लागले होते. शेवटी बाईंनी माझ्या काखेत चित्र ठेवलेली पुठ्ठ्याची घडी दिली आणि म्हणाल्या, “जा. चित्र दाखव. बाकी काही बोलू नकोस.” जणू काही चित्राला तोंड नसतं.

काका-काकू एका घड्याळजीच्या दुकानाच्या वर राहत. जिना चढताना खालून शेकडो टिकटिकी ऐकू यायच्या. दार काकूंनी उघडलं. बुटक्या, रुंद मनगटांच्या, हसल्या की डोळे मिटायचे. त्यांच्या वडिलांची नदीकाठी लाँड्री होती, पूर्वीची, हॉटेलांच्या आणि इस्पितळाच्या चादरी यायच्या अशी मोठी. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी काकूंना चुरगळलेलं कापड बघवत नसे. मी आत आले तेव्हाही पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल मांडलेलं होतं, आणि त्याच्या बरोबर वर भिंतीवर ते चौकटीतलं पान. वर्षानुवर्षं खालून वाफ लागून त्याचे कोपरे वळले होते.

काका खुर्चीत पाय लांब करून बसले होते. माझ्या काखेतली घडी बघून त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. मी ती खुर्चीमागे उभी केली.

“ते काय लपवलंस गं?” काकू म्हणाल्या. इस्त्री हातात, पाठ आमच्याकडे, तरी दिसलं.

“काही नाही काकू. कामाचं.”

“कामाचं म्हणे. ह्यांचा चेहरा बघ. लहान मुलाने दुधाचं भांडं लवंडावं तसा झालाय. गेले पंधरा दिवस गुडघा गुडघा करतायत, पण दुखतंय दुसरीकडेच, हे काय मला कळत नाही?” इस्त्री उभी करून त्या आल्या आणि घडी उचलून उघडलीच.

काका म्हणाले, “अगं, ते—”

“अय्या, माझं फूल!” काकूंनी चित्र हातभर लांब धरलं. चष्मा कपाळावर होता तो खाली घेतला. “किती छान काढलंयस गं. हे केस, हे पान. हुबेहूब.” आणि मग कपाळाला आठी घातली. “पण दोऱ्या कुठायत?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. खालून तेवढी टिकटिक.

“काकू,” मी म्हटलं, “दोऱ्या त्या शेजारच्या चित्रात आहेत. नेहमीच्या पाचपानीला. तुमच्या फुलाला दोऱ्या नसतातच.”

“नसतात? मला सांगतेस? कंबर मोडली माझी त्या उपटून उपटून!”

काकांनी पाय खाली घेतला. “कुठे उपटायचीस?”

“कुठे म्हणजे? आमच्या पटांगणात. चादरी वाळायच्या तिथे. मेल्या दोऱ्या गवतातून सगळीकडे पसरायच्या. पायांच्या बोटांत अडकायच्या, आणि ओली चादर वरून पसरली की तिच्यावर हिरवी रेघ उठायची. इस्पितळवाले चादर परत पाठवायचे. म्हणून रोज सकाळी चादरी टाकायच्या आधी वाकून सगळ्या दोऱ्या उपटायच्या, हे माझं काम. दादाला सांगितलं की तो मुळासकट उपटायचा आणि गवतात खळगे पडायचे. मग आई म्हणायची, तूच कर. तुझ्या हाताला ते जमतं.”

“रोज?” काका म्हणाले.

“रोज. शाळेत होते तेव्हापासून लग्नापर्यंत. वडील दर आठवड्याला गवत भादरून घ्यायचे, आम्ही दिवसभर त्याच्यावरून अनवाणी टोपल्या घेऊन फिरायचो, आणि साबणाचं पाणी तर विचारू नका. त्यात ते बिचारं फूल कसं उगवायचं देव जाणे. एवढंसंच व्हायचं, जमिनीला धरून. पण उगवायचं.” काकू माझ्याकडे वळल्या. “आणि हे यायचे. पाठीला तो पत्र्याचा डबा अडकवून. गुडघ्यावर बसून गवतात काहीतरी शोधत असल्यासारखं करायचे. आमची आई म्हणायची, या मुलाचं रोज हरवतं तरी काय?”

काकांचे कान लाल झाले होते. सत्तरीच्या माणसाचे कान तसे लाल होतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

“हे तू मला कधी सांगितलं नाहीस,” ते म्हणाले.

“तुम्ही विचारलंत कधी? पानभर लॅटिन लिहिलंत आणि मला त्यातलं एक माझं नाव वाचून दाखवलंत. बाकी काय लिहिलंय म्हटलं तर म्हणालात, रंगरूप लिहिलंय. मला वाटलं चांगलंच लिहिलं असेल.”

काकांनी भिंतीवरच्या पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तिसरी ओळ,” मला म्हणाले. “दोऱ्यांचा पूर्ण अभाव. तिची सकाळची मेहनत मी झाडाचा गुण म्हणून छापली.” आणि मग स्वतःशीच, “लग्न झालं, ही माझ्या घरी आली. पुढच्या वर्षी त्यांनी वाळवायची यंत्रं आणली. पटांगणात कुणी उपटायला राहिलं नाही. आणि मी नदीकाठी शोधतोय. तिच्यावर पाय देऊन तिलाच शोधतोय.”

“काय झालंय काय?” काकूंनी विचारलं. “मला कुणी नीट सांगेल?”

मग काकांनी सांगितलं. स्वतःच्या तोंडाने, जसं म्हणाले होते तसं. की ते फूल वेगळं नव्हतं. की ते नेहमीचंच होतं, कुठेही उगवणारं. की ग्रंथात आता तिच्या नावाची वेगळी जात राहणार नाही. बोलताना ते इस्त्रीच्या टेबलाकडे बघत होते.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. “मग ते नेहमीचंच आहे की,” त्या म्हणाल्या. “मला काय, मी नेहमीचंच समजत होते.”

“म्हणजे?”

“म्हणजे तेच ते. पिवळं. कुंपणाला असतं, पायऱ्यांच्या फटीत असतं, इस्पितळाच्या मागे तर ढीग आहे. मला वाटलं, तुम्ही त्या सगळ्यांनाच माझं नाव दिलंत. चाळीस वर्षं बाजारात जाताना दिसलं की मनात म्हणते, हे आपलं. आता तुम्ही सांगताय की तुम्ही फक्त आमच्या पटांगणातल्याच फुलांचं म्हणत होतात?”

काका हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले, आणि पुसतच राहिले. काकूंनी त्यांच्या हातातून चष्मा घेतला, आपल्या पदराने काचा पुसून परत त्यांच्या नाकावर बसवला आणि इस्त्रीकडे गेल्या. “तापली असेल. बोलत बसले तर अभ्रा जळायचा.”

मला वाटलं, प्रश्न मिटला. पण काका काका होते. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “हे सगळं झालं बोलणं. पुरावा कुठाय?”

“माझा शब्द पुरावा नाही?” काकूंनी इस्त्री थांबवून विचारलं.

“घरात आहे. संग्रहात करून दाखवावं लागतं.”

आणि त्यांनी करून दाखवलं. म्हणजे काकूंनी दाखवलं, काका खुर्ची टाकून बसले. छपाईवाल्यांना बाईंनी काय सांगितलं ते बाईंनाच माहीत, पण गुलाबाच्या कुळाचा भाग वर्षभर पुढे गेला. संग्रहाच्या मागे जे गवत होतं त्यात नेहमीच्या पाचपानीचे दोन वाफे आखले. एकाला हात लावायचा नाही. दुसऱ्यावर काकूंनी आपलं माहेरचं काम सुरू केलं. सकाळी यायच्या, वहाणा काढून गवतात उतरायच्या, वाकून दोऱ्या उपटायच्या, मग घरून आणलेली ओली चादर पसरायच्या. त्यांना येणं जमत नसे त्या दिवशी मी करत असे.

माळीमामांचा जीव वर-खाली व्हायचा. “वर्षभर गवत मी राखायचं आणि यांनी इथे चादरी वाळत घालायच्या! शास्त्रज्ञांचं ठिकाण आहे का हॉटेल?”

“मामा, उद्या उशांचे अभ्रे पण आणणार आहे,” काकू म्हणायच्या. “तुम्ही तेवढं गवत बारीक कापा. तोंड चालवलंत तरी चालेल, पण कात्री थांबवू नका.”

त्यांनी मला दोरी उपटायला शिकवली. ओढायची नाही. झाडाच्या अगदी जवळ अंगठ्याने दाबायची आणि मनगट जरासं वळवायचं, मग ती आपसूक सुटते आणि झाडाला कळतसुद्धा नाही. मी पहिल्यांदा केलं तर अख्खं झाड मुळासकट हातात आलं.

“तू चित्रं काढ,” काकू म्हणाल्या.

एक उन्हाळा गेला, हिवाळा गेला. दुसऱ्या वसंतात मी बाईंना आणि काकांना मागे बोलावलं. हात न लावलेल्या वाफ्यात पाचपानीने वाफ्याची हद्द केव्हाच सोडली होती आणि ती माळीमामांच्या गुलाबांकडे निघाली होती. काकूंच्या वाफ्यात गवतात बोटाच्या पेराएवढी झाडं बसली होती. बऱ्याच पंजांना तीनच पाती. पाठ चंदेरी. फुलं जमिनीला टेकलेली, आणि सकाळीच उपटलेल्या असल्यामुळे एकही दोरी नाही. काका गुडघ्याची तक्रार विसरून खाली बसले आणि भिंग लावलं.

“आली,” ते म्हणाले. बाईंनी त्यांना हाताला धरून उठवायचा प्रयत्न केला तर त्यांनी हात झटकला. मग बाईही शेजारी खाली बसल्या, नव्या साडीसकट.

काकांनी त्या वाफ्यातलं झाड दाबलं, वाळवलं, कागदावर चढवलं. आणि आपल्या जुन्या कागदांवर एकेक नवी चिठ्ठी लावली. जुनी होती तिथेच राहिली, नदीकाठचं कुरण आणि सगळं. नवीत नेहमीच्या पाचपानीचं नाव लिहिलं, आणि खाली, जिथे सहसा कुणी काही लिहीत नाही तिथे, बारीक अक्षरात: स्थळाची दुरुस्ती. लाँड्रीचं वाळवणाचं पटांगण. दोऱ्या रोज हाताने उपटलेल्या. सही करताना मला म्हणाले, “तेव्हा हे पटांगण लिहिलं असतं तर आमच्या सरांनी विचारलं असतं, तिथे रोज कशाला जातोस. म्हणून कुरण लिहिलं. लाजेने. एवढीच चूक झाली बघ माझी. डोळ्यांची नाही.”

काकू शेजारी उभ्या होत्या. “मग आता माझं नाव गेलं?”

“जात नाही,” बाई म्हणाल्या. “छापलेलं नाव कधीच जात नाही. खऱ्या नावाच्या खाली बारीक अक्षरात येतं. हेच फूल पूर्वी या नावानेही ओळखलं गेलं, म्हणून.”

“म्हणजे खाली बसायचं.”

“हो. पण कायमचं.”

“खाली बसायची मला सवय आहे,” काकू म्हणाल्या. “दोऱ्या तिथूनच तर दिसतात.”

ग्रंथ निघाला. त्यात माझं चित्र आहे, तीन झाडांचं. मधलं काकूंच्या वाफ्यातलं. बाहेरगावच्या तज्ज्ञाने बाईंना पत्र लिहून कौतुक केलं आणि शेवटी विचारलं की चादर सुती होती का. बाईंनी ते पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं.

काका पुढे काही वर्षं गुरुवारी येत राहिले. गेले तेही झोपेत, शांतपणे. चौकटीतलं पान काकूंनी भिंतीवरून काढलं नाही. त्याच्या शेजारी माझं चित्र लावलं, वाफ लागणार नाही अशा उंचीवर. काकू त्यांच्यानंतर बरीच वर्षं होत्या, शेवटपर्यंत स्वतःच्या चादरी स्वतः धुवायच्या. बाई निवृत्त झाल्या आणि मुलीकडे राहायला गेल्या. जाताना मला त्यांनी आपली बिस्किटांची डबी दिली, ती अजून माझ्याकडे आहे, तिच्यात बटणं असतात. माळीमामांनी काकूंचा वाफा पुढे कुणी न सांगता राखला. मी त्यांना एकदा दोऱ्या उपटताना पकडलं तेव्हा म्हणाले, “गुलाबांकडे जातात म्हणून हो.” ते निवृत्त झाल्यावर वाफा नेहमीसारखा झाला.

मी चित्रं काढत राहिले, डोळे चालले तोवर. आता फारशी बाहेर पडत नाही. गेल्या वसंतात नात आली होती. आमच्या पायऱ्यांच्या फटीत पिवळं फूल आलंय ते तिने बघितलं आणि खिशातून फोन काढून त्याच्यासमोर धरला. फोनने नाव सांगितलं. आजकाल फोनला सगळं येतं.

“अगदी साधं आहे आजी. सगळीकडे असतं म्हणे.”

“खाली आणखी काही आहे का?” मी विचारलं. “बारीक अक्षरात.”

तिने बोटाने वर सरकवलं. “हो, जुनी नावं आहेत. बरीच आहेत.” आणि ती एकेक वाचायला लागली, अडखळत, लॅटिनच्या शेपट्यांसकट. चौथं की पाचवं काकूंचं होतं.

“परत वाच ते,” मी म्हटलं.

तिने परत वाचलं. “कोण होती ही?”

“सांगते. आधी ते फूल खुड आणि उलटं कर.”